संकटकाळी विद्यार्थ्याच्या मनाला आधार कोणाचा?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आत्ताच या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांचे व त्यांच्या आई-वडिलांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचे नाव गुणवंतांच्या यादीत नसते आणि नापासांच्या यादीतही नसते. ती मुले हळूहळू दिसेनाशी होतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरीची खूण पडते आणि पुढच्या वर्षीच्या पटावर ते नावच येत नाही.

मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. उभे आयुष्य मी महाविद्यालयात वाणिज्य शिकविले. जमाखर्च हा माझा विषय. तेव्हा आजही एक जमाखर्चच आपणापुढे मांडणार आहे. तो पैशांचा नसून मनाच्या आधाराचा आहे.

करोनाच्या साथीला आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. मग ती जुनी दुखणी आता कशाला उकरावयाची, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, साथ गेली, परंतु त्या साथीत आपल्या मुलांच्या मनाचे जे झाले त्याचा हिशेब आपण अद्याप केलेलाच नाही. आणि ज्या धंद्यात मागील सालचा हिशेब होत नाही, तो धंदा पुढील साली बुडतो.

त्या सात महिन्यांत काय घडले?

दिनांक ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. अंतिम वर्षाच्या मुलांची तर फारच कोंडी झाली. जूनमध्ये राज्य शासन म्हणाले, परीक्षा नको. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोग म्हणाला, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला की, परीक्षेशिवाय पदवी नाही. अखेर ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाल्या. म्हणजे मार्च ते ऑक्टोबर असे सात महिने वीस-एकवीस वर्षांची मुले परीक्षा होणार की नाही, नोकरी लागणार की नाही, घरातील कोणी आजारी पडणार की काय, या तीन प्रश्नांखाली दबून राहिली.

तास घरबसल्या मोबाईलवर होऊ लागले. ज्यांच्या घरी मोबाईल एक व भावंडे तीन, त्यांनी काय करावे? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील शंभर घरांपैकी सुमारे १५ घरांत आणि शहरांतील शंभरांपैकी ४२ घरांत इंटरनेटची सोय होती. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा, तालुके चौदा. अकोल्याच्या डोंगरात किंवा पाथर्डी-जामखेडच्या वाडीवस्तीवर मुले रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

चिंता म्हणजे नखरे नव्हेत

मला एक विद्यार्थी आठवतो. वडील ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये मिस्त्री. गॅरेज बंद, उत्पन्न बंद. मुलगा शेवटच्या वर्षाला. रोज रात्री दोनच्या सुमारास तो दचकून जागा होई, छाती धडधडे, हातापायांना घाम सुटे. आपल्याला तोच रोग झाला या समजुतीने तो घाबरून जाई. डॉक्टरांनी तपासले, हृदयाचा आलेख काढला. सर्व ठीक. वडील म्हणाले, "तुला कसलं टेन्शन? दोन वेळचं खायला मिळतंय ना?"

पालकहो, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी उच्चारले आहे. मीही माझ्या घरी उच्चारले आहे. त्यात वाईट हेतू नसतो. परंतु ते ऐकले की मुलाचे तोंड बंद होते, आणि दुखणे आत जाते.

संकट समोर असता भीती वाटणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. कुत्रे अंगावर आले की हृदय जोरात चालते, स्नायू ताठ होतात आणि आपण पळतो. कुत्रे गेले की शरीर शांत होते. चिंतेत मात्र कुत्रे दिसत नाही आणि जातही नाही. शरीर दिवसरात्र पळण्याच्या तयारीत राहते. त्यामुळे झोप उडते, पोट बिघडते, चिडचिड होते, पुस्तकातील ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. डॉक्टर मंडळी चिंतेचा अंदाज घेण्यासाठी सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटले, किती दिवस काळजी आवरता आली नाही, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात. म्हणजे ही गोष्ट ताप मोजावा तशी अजमावता येते. ते नखरे नव्हेत आणि ईमानाची कमतरताही नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की, साथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता व नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याचा फटका तरुणांना व स्त्रियांना अधिक बसला. तेव्हा आपला मुलगा किंवा मुलगी जगावेगळी नव्हती.

आधाराची ठेव

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एकाच संकटात एक मूल कोलमडते आणि दुसरे तग धरते, असे का? याचे एक उत्तर चीनमधील एका पाहणीत मिळते. साथीच्या आरंभी, २०२० साली, चांगझी वैद्यकीय महाविद्यालयातील ७,१४३ विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे २५ टक्के विद्यार्थ्यांत चिंतेची लक्षणे आढळली, त्यांतील बहुतेकांची सौम्य होती. ज्यांचा नातलग वा ओळखीचा माणूस आजारी पडला होता, त्यांच्यात चिंता अधिक होती. जे आई-वडिलांजवळ राहत होते व ज्यांच्या घरचे उत्पन्न स्थिर होते, त्यांच्यात ती कमी होती. आणि ज्यांना माणसांचा आधार अधिक, त्यांची चिंता कमी, असेही दिसून आले.

अर्थात अशा एका वेळच्या पाहणीवरून आधारामुळेच चिंता घटली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. चिंतेने ग्रासलेला माणूस स्वतःच लोकांपासून दूर जातो, हेही खरे आहे. परंतु ही गोष्ट एकट्या चीनची किंवा एकट्या करोनाची नाही. १९८५ साली शेल्डन कोहेन व थॉमस विल्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखविले होते की, वेळ पडली तर माझ्यामागे कोणी आहे, हा विश्वास ताणाचा धक्का सौम्य करतो.

"विश्वास" या शब्दाकडे माझ्या वाणिज्याच्या नजरेने पाहा. बँकेत चार पैसे शिल्लक असलेला माणूस रात्री स्वस्थ झोपतो. त्या रात्री तो पैसे काढावयास जात नाही. ते आहेत, एवढे ठाऊक असणे त्याला पुरे असते. आधाराचेही तसेच आहे. प्रत्यक्ष किती मदत मिळाली यापेक्षा, मागितली तर मिळेल ही खात्री मनाला अधिक सांभाळते. मात्र ठेव काढावयाची तर ती आधी भरावी लागते.

त्या गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या घरी ही ठेव कशी भरली गेली ते सांगतो. २५ एप्रिल २०२० रोजी रमजान सुरू झाला. मशिदी बंद होत्या, तरावीह घरीच. एका रात्री नमाजनंतर बापलेक गच्चीवर बसले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडीलच म्हणाले, "बेटा, मलाही झोप येत नाही. गॅरेज पुन्हा चालू होईल की नाही, ठाऊक नाही. मीही घाबरलोय." पुढे तो मुलगा मला म्हणाला, "सर, अब्बांनी माझी अडचण सोडविली नाही. पण त्या रात्री मी पहाटेच्या सहरीपर्यंत गाढ झोपलो." बापाने पैसा दिला नाही, उपदेश दिला नाही. आपली भीती मुलाजवळ उघडी केली, आणि मुलाची भीती अर्धी झाली.

त्याच मुलाचा केडगावचा एक वर्गमित्र होता, जातीधर्माने वेगळा. रोज रात्री नऊ वाजता तो आपल्या वहीच्या पानांचे फोटो याला पाठवी. रेंज नसेल त्या दिवशी साधा फोन करून टिपणे वाचून दाखवी. दोघेही पास झाले. आज दोघेही आपापल्या पायांवर उभे आहेत.

तेव्हा आधार एकाच प्रकारचा नसतो. मनातले ऐकून घेणे हा एक आधार. फी, रेशन, मोबाईल, औषध देणे हा दुसरा. परीक्षेची, शिष्यवृत्तीची, उपचाराची खरी माहिती देणे हा तिसरा. आणि "तुझ्यात काहीतरी आहे, आम्हाला तुझी कदर आहे" हे जाणवून देणे हा चौथा. भुकेल्याला नुसता धीर देऊन भागत नाही आणि घाबरलेल्याला नुसते जेवण देऊन भागत नाही.

भरलेले घर, एकटे मूल

आपल्याकडे एक समज आहे की, एकटेपणा हा मोठ्या शहरांतला रोग. आपल्या घरांत दादी आहे, चाचा आहेत, खाला शेजारीच राहते. आमची मुले एकटी कशी असतील? बंधूंनो, घरात माणसे असणे आणि मुलाला माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन खोल्यांत नऊ माणसे राहत असतील, तर तेथे मुलीला रडावयासदेखील कोपरा मिळत नाही.

आणि आता माझ्या स्वतःच्या जमाखर्चातली खोट सांगतो. एक मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. अक्षर मोत्यासारखे, हिशेबात हुशार. मोबाईलवरच्या तासांना ती पहिले दोन आठवडे आली, नंतर बंद झाली. माझ्याकडे तिच्या घरचा क्रमांक होता. आज करू, उद्या करू, असे म्हणत मी फोन केला नाही. सत्तर मुलांचा वर्ग, स्वतःच्या घरी आजारपण, अशी कारणे माझ्याजवळ होती. महाविद्यालय पुन्हा उघडले तेव्हा कळले की, टाळेबंदीतच मोजक्या लोकांत तिचा निकाह उरकला. दोन वर्षांनी ती मला कापडबाजारात भेटली. कडेवर मूल होते. तिने सलाम केला आणि हसून म्हणाली, "सर, एक फोन आला असता ना, तर मी अब्बांना म्हणाले असते, बघा, कॉलेजात माझी आठवण काढतात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य अजून माझ्या कानांतून जात नाही.

निकाह वाईट असे मी म्हणत नाही. परंतु फीला पैसे नाहीत, पुढचे दिसत नाही, या भीतीपोटी घरच्यांनी मुलीचे शिक्षण तोडले. चिंता वडिलांची होती, किंमत मुलीने मोजली. आणि एका फोनची ठेव जिथे भरावयास हवी होती, तिथे मी भरली नाही.

समाजाचा आधार तुटतो तेव्हा

त्या वर्षी आपल्या मुलांवर आणखी एक ओझे होते. ते न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दिल्लीतील तबलिगी जमातीच्या प्रकरणानंतर एका संपूर्ण समाजाकडे रोग पसरविणारा म्हणून बोट दाखविले गेले. नगरमधील मुकुंदनगर, तसेच जामखेड असे भाग एप्रिलमध्ये कडेकोट बंद झाले. रोग आटोक्यात ठेवण्यासाठी असे निर्बंध लागतात, त्याविषयी तक्रार नाही. परंतु वर्गाच्या मोबाईल गटावर रोज येणारी ती चित्रे व टोमणे वाचून आपली मुले गटातून मुकाट्याने बाहेर पडली. जो गट अभ्यासाचा आधार होता, तोच तुटला.

पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने याच जिल्ह्यात २९ परदेशी नागरिकांवर नोंदविलेले गुन्हे रद्द केले, आणि संकटकाळी या लोकांना बळीचा बकरा केले गेले असण्याचा संभव आहे, असे मत नोंदविले. न्याय मिळाला. पण अफवा चार दिवसांत घराघरांत पोहोचली होती, आणि न्यायालयाचा निकाल किती घरांत पोहोचला? विद्यार्थी मित्रांनो, यातून कटुता घेऊ नका. उद्या दुसऱ्या कोणत्या समाजावर, गावावर वा रुग्णावर असे बोट रोखले गेले, तर त्या गटात पहिला फोन तुमचा जावा. केडगावच्या मुलाचा जसा आला होता.

आपल्याच मातीतील दाखले

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ पर्यंत स्थानबद्ध होते. तिथे असतानाच, एप्रिल १९४३ मध्ये, त्यांच्या पत्नी जुलैखा बेगम कलकत्त्यात वारल्या. शेवटची भेट झाली नाही. त्या काळात मौलानांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. तरी ते लिहीत राहिले. चहाविषयी, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांविषयी, पत्नीच्या वियोगाविषयी. तीच पत्रे १९४६ साली "गुबारे खातिर" या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एवढ्या विद्वान, एवढ्या धीराच्या पुरुषालाही मन मोकळे करावयास कोणी एक स्नेही लागला, मग तो शेकडो कोसांवर का असेना. तर वीस वर्षांच्या पोराला तो लागू नये काय?

दुसरा दाखला हिवरे बाजारचा. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९८९ पासून त्या गावाने पाण्यासाठी एकत्र श्रम केले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तेच गाव मे महिन्यात करोनामुक्त झाले. स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन चौकशी केली, रुग्ण वेळेवर वेगळे ठेवले. एकमेकांच्या दारात जाण्याची सवय त्या गावाला साथीने लावली नाही, ती तीस वर्षे आधीपासून होती. आधाराची ठेव आधी भरावी लागते असे मी म्हणतो, ते याच अर्थाने.

तिसरा दाखला ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाईंचा. अध्यापनाचे शिक्षण त्यांनी आपल्या नगरात मिस फरार यांच्या संस्थेत घेतले. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता त्यांना तोच रोग जडला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. ज्या शिक्षिकेने साथीत लोकांना जवळ केले, तिचे नाव आपल्या पदवीपत्रावर आहे. मला तर एक फोनच करावयाचा होता.

आपण काय करावे?

पालकांना माझी विनंती एवढीच. दिवसातून दहा मिनिटे मुलाजवळ बसा आणि त्या वेळेत गुण, फी आणि शेजारच्या मुलाची हुशारी हे तीन विषय काढू नका. मूल बोलले तर उपाय सांगण्याची घाई करू नका. आपली अडचण त्याला त्याच्या वयाला झेपेल इतकी सांगा. आणि मुलीला मुलाइतकाच वेळ द्या.

विद्यार्थ्यांना सांगणे असे की, तुम्ही ज्याला मध्यरात्री फोन करू शकाल अशा एका माणसाचे नाव आजच मनात ठरवा. आणि तुम्ही कोणासाठी तसा माणूस आहात, याचाही विचार करा. वर्गातील जो मित्र अचानक गप्प झाला आहे, त्याला आज रात्री फोन करा. दोन-तीन आठवडे झोप नाही, अभ्यास होत नाही, जगणे नकोसे वाटते, असे होत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात लाज नाही. आईबाप, मित्र, उस्ताद हे आधार आहेत, परंतु ते औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. तो आज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि संस्थेच्या चालकांपुढे माझी एक नम्र सूचना. प्रत्येक वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक नेमावा. एखादे मूल सलग तीन दिवस आले नाही तर चौथ्या दिवशी त्या शिक्षकाने घरी फोन करावा, आणि मुलीच्या घरी शिक्षिकेने. त्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. आजाऱ्याची विचारपूस करावयास जाणे, ज्याला आपण इयादत म्हणतो, ही आपली जुनी रीत आहे. मनाने आजारी असलेल्यालाही ती लागू आहे, एवढेच मान्य करावयाचे आहे.

पुढची साथ कधी येईल, कोणती येईल, हे सांगता येत नाही. गॅरेज बंद पडणे, बापाचे आजारपण, दुष्काळ, नापास होणे, या साथी तर दर वर्षी कोणत्या ना कोणत्या घरात येतच असतात. त्या वेळी मुलाच्या खात्यावर काही शिल्लक असावी, इतके आपल्या हातात आहे.

माझ्या जमाखर्चात एका फोनची बाकी कायमची राहिली आहे. ती आता फिटणार नाही. आपल्यापैकी कोणाच्या वहीत अशी बाकी राहू नये, म्हणून ती आपणापुढे वाचून दाखविली.